मोबाइलातला मांत्रिक आणि आरोग्याचा हक्क

"वकीलसाहेब, फिर्याद कुणावर लावायची तेवढं सांगा." एवढाच प्रश्न घेऊन काही महिन्यांपूर्वी एक बाई आमच्या कचेरीत आली. तिचा नवरा मार्केट यार्डात हमाल. तीन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात त्याचा रक्तदाब १७० वर १०४ भरला आणि रोज एक गोळी घेण्यास त्यास सांगण्यात आले. गोळी फुकट होती. परंतु ती आणावयास दरमहा एक दिवस मोडे, आणि हमालाचा दिवस मोडला म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. दोन वर्षांत दाब १४२ पर्यंत उतरला. तेवढ्यात मोबाइलवर त्यास एक गृहस्थ भेटला. त्या गृहस्थाने त्यास 'भाऊ' म्हटले आणि वीस मिनिटे घरगुती मराठीत समजावून सांगितले की रक्तदाब हा रोगच नव्हे. वयात शंभर मिळवावेत, तितका दाब माणसास असावयाचाच. गोळ्या केवळ कंपन्यांच्या नफ्यासाठी आहेत. त्या टाकाव्यात आणि खाली दिलेल्या क्रमांकावर आपले चूर्ण मागवावे. हमालाने हिशेब केला. वय शेहेचाळीस, दाब एकशे बेचाळीस. म्हणजे आपण निरोगी! त्याने गोळी सोडली आणि चूर्ण मागविले.

पाच महिन्यांनी एका पहाटे त्याचे तोंड वाकडे झाले, उजवा हात पडला आणि बोबडी वळली. मुलाने, मोबाइलवरच फिरत आलेल्या एका संदेशाप्रमाणे, बापाच्या दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढले आणि आराम पडण्याची वाट पाहिली. इस्पितळात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. आज तो माणूस जिवंत आहे. पण तो बोलत नाही आणि ओझे उचलत नाही. चूर्णाचा क्रमांक बंद आहे. फिर्याद कोणावर लावावी?

वाचकहो, हा प्रश्न त्या एका बाईचा नव्हे, म्हणून तो आम्ही येथे मांडीत आहोत. आपल्या वस्त्यांत दवाखाना अजून लांब आहे, परंतु मोबाइल घरोघर पोहोचला आहे. दवाखान्याच्या आधी मोबाइल पोहोचला, ह्याचा परिणाम काय होणार, ह्याचा विचार ना सरकारने केला, ना शहाण्यांनी, ना आपण.

ही हकिकत आम्ही जेव्हा सुशिक्षित मंडळींत सांगतो, तेव्हा दोन उत्तरे ठरलेली मिळतात. एक वर्ग म्हणतो, "अशा लोकांनी इंटरनेटवर आरोग्याची माहिती पाहूच नये. अर्धवट ज्ञान घातक असते. डॉक्टर सांगेल तसे वागावे." दुसरा वर्ग म्हणतो, "आता सर्व ज्ञान हाताच्या बोटावर आले आहे. दवाखान्याची वाट कशाला पाहावी? प्रत्येकाने आपला वैद्य आपणच व्हावे." आमचे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत. इतकेच नव्हे, तर त्या हमालाचा उजवा हात ह्या दोन खोट्यांनीच मिळून नेला आहे.

पहिल्या वर्गाचा समाचार आधी घेऊ. 'ह्यांनी वाचू नये' हे वाक्य आपल्या कानांना नवे आहे काय? ज्ञान हे सर्वांसाठी नसते, त्यास अधिकार लागतो, अनधिकाऱ्याच्या हाती ते पडले तर अनर्थ होतो, हा युक्तिवाद ह्या देशात शतकानुशतके झाला आणि तो कोणाविरुद्ध झाला हे सांगण्याची गरज नाही. पूर्वी अधिकार जन्माने ठरे. आता तो पदवीने आणि इंग्रजीने ठरवावा असे सुचविले जात आहे, इतकाच फरक. हे बोलणारे सद्गृहस्थ स्वतः डॉक्टरकडे जाण्यापूर्वी इंटरनेट चाळतात, आपल्या रक्ततपासणीचे आकडे ताडून पाहतात, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतात. त्यांच्यासाठी ती जागरूकता. आणि हमालाने तेच केले की तो अडाणीपणा! हा न्याय आम्हास मान्य नाही.

शिवाय तो हमाल मूर्ख नव्हता, हे नीट समजून घ्या. त्याने आपल्यासमोरील पुरावा तोलला. एका पारड्यात दवाखान्यातील अर्धे मिनिट होते. "बीपी आहे, गोळी घे, पुढला" ह्याखेरीज तेथे त्यास कोणी काही सांगितले नाही. गोळी बंद केल्यास काय होईल हे सांगितले नाही. गोळीने दाब उतरला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे, तो गोळीच्या बळावर दबलेला आहे, हे सांगितले नाही. दुसऱ्या पारड्यात वीस मिनिटांचे गोड बोलणे होते, आणि त्याशिवाय महिन्याचा एक खाडा वाचणार होता. ज्याने माणूस म्हणून वीस मिनिटे दिली त्याच्यावर त्याने विश्वास ठेवला. येथे दोष ऐकणाऱ्याचा किती आणि अर्धे मिनिट देणाऱ्याचा किती, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा. दवाखान्यात दोन डॉक्टर आणि तीनशे रोगी असतील तर त्या डॉक्टरसही आम्ही एकट्याने दोषी धरणार नाही. परंतु मग दोष ज्या व्यवस्थेचा आहे तिचे नाव घ्या. हमालाच्या अडाणीपणाच्या आड तिला लपवू नका.

आता 'वयात शंभर मिळवा' ह्या सूत्राची उलटतपासणी करू. मोबाइलातील गृहस्थ ते जणू दडपलेले नवे सत्य म्हणून सांगतो. वस्तुतः ते वैद्यकाचे जुने, टाकून दिलेले मत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक नामांकित डॉक्टरांची समजूत अशीच होती की वयाबरोबर दाब वाढावयाचाच. ह्या समजुतीची किंमत केवळ गरिबांनी मोजली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. वय ६३. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० नोंदला गेला. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षाजवळ औषध नव्हते, कारण तेव्हा ते जगाजवळच फारसे नव्हते. १९४८ साली त्याच देशात फ्रेमिंगहॅम गावच्या हजारो रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली आणि तिच्यातून सिद्ध झाले की वाढलेला दाब हा वयाचा दागिना नव्हे. तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा पाया आहे. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांत झालेल्या चाचणीत दिसून आले की तीव्र दाबाच्या रोग्यांस गोळ्या दिल्याने प्राण वाचतात. १९९१ साली साठ वर्षांवरील माणसांवर झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गोळ्या घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे 'म्हातारपणी दाब असावयाचाच' हे मत म्हाताऱ्यांवरच तपासले गेले आणि खोटे ठरले.

वाचकहो, येथेच ह्या प्रकरणाचे मर्म आहे. आम्ही वर लिहिलेली प्रत्येक गोष्ट इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. ती त्याच मोबाइलमध्ये होती, ज्यात ते चूर्ण विकणारा बसला होता. पक्षाघातात बोटे टोचण्याचा संदेश खोटा आहे, तोंड वाकडे होणे, हात पडणे, बोलणे अडखळणे ह्यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तत्क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि गुठळीने झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते, हेही त्याच मोबाइलमध्ये होते. एकाच खिशात विष होते आणि उतारा होता. विष मराठीत होते. उतारा बहुतांशी इंग्रजीत होता. विष आपण होऊन चालत आले; उतारा शोधावा लागला असता. ज्याच्याजवळ विकावयाचे काही असते तो तुमच्या भाषेत, तुमच्या दारात येतो; ज्याच्याजवळ केवळ सत्य असते तो सरकारी भाषेत, कोठेतरी आतल्या पानावर बसून राहतो. हा फरक निसर्गाने केलेला नाही, आणि म्हणूनच तो दूर करता येतो.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू. 'आपला वैद्य आपणच' म्हणणाऱ्यांस आम्ही एकच प्रश्न विचारतो. वाढलेला रक्तदाब माणसास कळतो काय? डोके दुखले तरच दाब, चक्कर आली तरच दाब, अशी समजूत घरोघर आहे. ती चुकीची आहे. बहुतेकांस हा रोग काहीच लक्षण दाखवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सव्वाशे कोटींहून अधिक माणसांस हा विकार आहे, आणि त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांस तो असल्याची वार्ताच नाही. जो रोग रोग्यास दिसत नाही तो मोबाइलास कसा दिसावा? त्यास दंडाला पट्टा बांधूनच पकडावे लागते. इंटरनेट पट्टा बांधीत नाही, रक्त तपासीत नाही, गोळी देत नाही. तपासणीस केव्हा जावे, कशासाठी जावे, तेथे काय विचारावे आणि परत आल्यावर घरी काय करावे हे ते सांगू शकते. हे काम लहान नव्हे. परंतु ते दवाखान्याच्या जागी येणारे काम नव्हे. वाट दाखविणारा आणि मुक्कामाचे घर ह्यांत जितका फरक, तितका येथे आहे.

ह्याच महाराष्ट्रात त्याचा योग्य उपयोगही झालेला आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम म्हणून जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात परिचारिका रोग्याचा दाब मोजते, मोबाइलमधील एका साध्या ॲपमध्ये त्याची नोंद करते, आणि जो ठरलेल्या दिवशी गोळीस आला नाही त्याचे नाव तिला लगेच दिसते. मग त्यास निरोप जातो. तीच यंत्रे, तेच इंटरनेट. परंतु येथे मोबाइलच्या मागे एक माणूस आहे, त्या माणसाच्या मागे गोळीचा साठा आहे, आणि त्या साठ्याच्या मागे सरकारची जबाबदारी आहे. चूर्णवाल्याच्या मोबाइलच्या मागे काय होते? एक बंद पडलेला क्रमांक.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. कायदा नाही असे नव्हे. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा १९५४ साली झाला. त्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कर्करोग आहे. ह्या विकारांच्या निदानासाठी, उपचारासाठी, इतकेच काय प्रतिबंधासाठीही, अमुक औषध गुणकारी आहे अशी जाहिरात करणे कलम ३ अन्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे. कोणी म्हणेल, १९५४ साली इंटरनेट कोठे होते? त्यांनी ह्या कायद्यातील 'जाहिरात' शब्दाची व्याख्या वाचावी. प्रकाश, ध्वनी किंवा धूर निर्माण करणाऱ्या वा पाठविणाऱ्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा ही जाहिरातच होय, असे ती व्याख्या म्हणते. मोबाइलवरील व्हिडिओ हा प्रकाश आणि ध्वनी नव्हे तर दुसरे काय आहे? सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी हे शब्द योजिले त्यांनी इंटरनेट पाहिले नव्हते. परंतु लबाडी पाहिली होती, आणि तिची साधने बदलतात हे त्यांस ठाऊक होते.

भाषणस्वातंत्र्याची ढालही येथे फारशी चालत नाही. हमदर्द दवाखाना विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच ह्या कायद्याचा काही भाग रद्द करूनही त्याचा गाभा कायम ठेवला, आणि अशा व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे म्हटले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. रक्तदाबाच्या रोग्यास गोळीपासून रोखणाऱ्याचा उल्लेख त्या कलमात नाही. पण साप चावलेल्यास रोखणारा आणि दाब वाढलेल्यास रोखणारा ह्यांत माणुसकीच्या दृष्टीने काय अंतर आहे? एकाचा बळी त्याच रात्री जातो, दुसऱ्याचा पाच महिन्यांनी, एवढेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास आहे.

मग कायदा असून बाईस न्याय का मिळत नाही? कारण असे की व्हिडिओ करणारा सापडत नाही, आणि व्हिडिओ दाखविणारी कंपनी म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थास संरक्षण दिले आहे. आणि २०१५ सालच्या श्रेया सिंघल निकालानुसार न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची सूचना मिळाल्यावरच मजकूर काढण्याचे बंधन त्याच्यावर येते. हे संरक्षण मुळातच नको असे आम्ही म्हणणार नाही. ते गेले तर कंपन्या भीतीपोटी खऱ्याखोट्याची पर्वा न करता मजकूर काढीत सुटतील, आणि पहिली गदा आपल्यासारख्यांच्याच लिखाणावर येईल. परंतु सूचना देण्याचे काम ज्या सरकारचे आहे ते सूचना देत नाही, आणि अन्न व औषध प्रशासनाजवळ तक्रार पोहोचत नाही, ह्याचा जाब कोणी विचारावयाचा? आम्ही त्या बाईस तक्रार लिहून दिली. तिचे पुढे काय होईल ते होवो. परंतु खरे उत्तर आम्ही तिला त्या दिवशी दिले नाही, ते येथे देतो. फिर्याद केवळ त्या चूर्णवाल्यावर नव्हे. जे सरकार महिन्याची गोळी घराजवळ देत नाही आणि सत्य मराठीत सांगत नाही, त्याच्यावरही आहे.

कारण हा हक्काचा प्रश्न आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. अनुच्छेद ५१ क ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की डिजिटल साधनांपर्यंत पोहोच हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. मग आम्ही विचारतो, ज्या नागरिकास वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवण्याचे कर्तव्य सांगितले, त्यास विज्ञान त्याच्या भाषेत पुरविण्याचे कर्तव्य कोणाचे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्केच भरले. घरातील मीठ जिच्या हातात, पोरांची लस जिच्या ध्यानात, म्हाताऱ्यांची गोळी जिच्या भरवशावर, तीच ह्या ज्ञानापासून सर्वांत दूर! ह्या स्थितीत 'सर्व माहिती ऑनलाइन उपलब्ध आहे' असे सांगून जे सरकार उपकेंद्र रिकामे ठेवील, ते आपणास ज्ञान देत नसून ज्ञानाच्या नावाखाली गोळी काढून घेत आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक: रक्तदाब आणि मधुमेह ह्यांची गोळी वस्तीजवळच्या उपकेंद्रात मिळावी, आणि मजुरी न बुडता मिळावी, ज्याचा दाब आटोक्यात आहे त्यास दोन-तीन महिन्यांचा साठा एकदम द्यावा. दोन: प्रतिबंधक आरोग्याची प्रमाणित माहिती मराठीत, बोलून दाखविलेल्या स्वरूपात, शासनाने प्रसिद्ध करावी, कारण ज्यास वाचता येत नाही त्यास ऐकता येते, आणि चूर्णवाल्यास हे सरकारच्या आधी कळले. तीन: १९५४ च्या कायद्याखाली इंटरनेटवरील जाहिरातींची तपासणी अन्न व औषध प्रशासनाने आपण होऊन करावी, अर्धांग झालेल्या माणसाच्या बायकोने तक्रार आणण्याची वाट पाहू नये.

परंतु मागण्या करून स्वस्थ बसणे हा आपला धर्म नव्हे. सरकार जागे होईपर्यंत मोबाइल काही बंद राहणार नाही. म्हणून प्रत्येक वाचकास आमचे सांगणे आहे की आरोग्याचा कोणताही संदेश आला की त्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करा. पहिला प्रश्न: तू कोण? नाव, पदवी, संस्था सांग. दुसरा: तुला ह्यात काय मिळते? संदेशाच्या शेवटी काही विकावयाचे असेल तर साक्षीदार पक्षपाती समजा. तिसरा: हे केव्हाचे आहे? तारीख नसलेली साक्ष घेऊ नका. चौथा: हेच दुसऱ्या कोणी, विकण्याचा संबंध नसलेल्या संस्थेने, सांगितले आहे काय? जागतिक आरोग्य संघटना, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आरोग्य मंत्रालय ह्यांची पाने त्यासाठी पाहा. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा: तू मला चालू असलेले औषध सोडावयास सांगतोस काय? सांगत असशील तर खटला येथेच संपला. ज्याने औषध दिले त्यास किंवा दुसऱ्या डॉक्टरास विचारल्यावाचून गोळी सुटणार नाही. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्याच कारणाने काही मानू नये, हा उपदेश कालामांना मिळाला त्यास अडीच हजार वर्षे होत आली. दहा ठिकाणांहून फिरत आलेला संदेश म्हणजे ऐकीवच. दहा तोंडांनी बोलल्याने ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही.

आणि ज्ञान तपासून घेतल्यावर ते वापरा. ज्याचे वय तीसच्या वर गेले त्याने वर्षातून एकदा दाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्यकेंद्रात ही तपासणी, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसह, राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, ती मागून घ्यावी. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू घेऊ नये, हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा, आणि एका आकड्यावर न थांबता दुसऱ्यांदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरत असेल तर डॉक्टरास दाखवावे. मीठ दिवसास पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सर्व मिळून सपाट चहाच्या चमच्याहून कमी, असावे. आणि त्यात लोणचे, पापड, ठेचा, खारे मासे, फरसाण ह्यांतील मीठही मोजावे. आठवड्यास दीडशे मिनिटे झपाट्याने चालावे. तंबाखू आणि मिशरी सोडावी. ह्यांतील एकही गोष्ट कोणाचे चूर्ण विकीत नाही, म्हणूनच ती तुमच्या मोबाइलवर आपण होऊन येत नाही.

प्रत्येक वस्तीत शिकलेले दोन तरुण तरी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. वर्गणी काढून दाब मोजण्याचे एक चांगले यंत्र घ्यावे आणि ते नीट वापरण्यास आरोग्यसेविकेकडून शिकावे. वस्तीत फिरणारे संदेश एकत्र आणावेत, वरील पाच प्रश्न त्यांस लावावेत, आणि जे खोटे ठरेल ते सर्वांसमक्ष खोटे म्हणून सांगावे. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून घरबसल्या डॉक्टरचा सल्ला फुकट मिळतो. ज्यांस तो मोबाइल हाताळता येत नाही त्यांस शेजारी बसून मिळवून द्यावा. विशेषतः बायाबापड्यांस त्या संध्याकाळी समोर बसवावे, मागे उभे करू नये. जाहिरात दिसली की तिची तारखेसह छबी जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी, किंवा ग्राहकांच्या १९१५ क्रमांकावर नोंदवावी. चूर्णवाला क्रमांक बदलतो, परंतु जपून ठेवलेला पुरावा बदलत नाही.

वाचकहो, विहिरीचे पाणी सर्वांचे असते हे सांगावयास ह्या देशात लढा द्यावा लागला. पाणी खुले झाल्यावर कोणी असे म्हटले नाही की आता त्यात विष कालविण्यासही सर्वांस मोकळीक आहे. आणि कोणी विष कालविले म्हणून आम्ही पुन्हा विहीर सोडून माघारी फिरावे, असेही आम्ही ऐकून घेतले नसते. ज्ञानाची ही नवी विहीर आपलीही आहे. तीतून पाणी भरावयाचे, ते गाळून घ्यावयाचे, आणि विष टाकणारा हात कायद्याने धरावयाचा, ही तिन्ही कामे आपली आहेत. ह्यांतील एकही आपण दुसऱ्यावर सोपविले तर उद्या पुन्हा कोणी बाई आमच्या कचेरीत येऊन तोच प्रश्न विचारील, आणि त्या वेळी फिर्यादीत आपलेही नाव घालावे लागेल.